मुंबईत विचारलेला बीडचा प्रश्न

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे हळूहळू ओस पडू लागतात. पाटोदा घ्या, शिरूर घ्या, धारूर, वडवणी, केज, आष्टी घ्या, सगळीकडे तेच. ट्रक येतात, ट्रॅक्टर येतात. मुकादम नावे घेतो. ज्यांनी उचल घेतली ते नवराबायको मिळून एक कोयता. कोयता गाडीत चढतो. सोबत भांडी, पीठ, अंथरूण, एखादी शेळी आणि अंगावरचे लेकरू. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. गाड्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जातात. काही कर्नाटकात जातात. माणसे घरी येतात ती उन्हाळा लागल्यावर.

हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? तुमच्यातल्या कितीतरी जणींनी उसाची मोळी डोक्यावर घेतली आहे. पण आजचा धडा त्या मोळीपासूनच सुरू होतो, म्हणून सांगितले.

मागल्या उन्हाळ्यात आमच्या रात्रीच्या वर्गात 'प' हे अक्षर चालले होते. फळ्यावर आम्ही पाणी, पाटी, पिशवी असे शब्द लिहिले. एका अक्काने 'पिशवी' शब्द बरोबर वाचला आणि विचारले, "गुरुजी, ही बाजाराची पिशवी, का ती?"

बाया हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. त्या दिवशी वर्गात नऊ बाया होत्या. त्यांपैकी तिघींची गर्भाची पिशवी काढलेली होती. तिघींपैकी एकीनेही अजून चाळिशी गाठली नव्हती.

त्या अक्काने पुढे सांगितले. "अंगावरून पांढरं जायचं. कंबर धरायची. फडात खाडा करता येत न्हाई. गावाकडं आल्यावर खाजगी दवाखान्यात गेले. त्यांनी मशीन लावून बघितलं आन् म्हनले, पिशवी खराब झालीया, ठिवली तर कॅन्सर हुईल. पोरं झाली न्हवं, मग कशाला ठिवायची? घरच्यांनी मुकादमाकडून पैसे घेतले. चौथ्या दिवशी घरी आले. पुढच्या सालाला ते पैसे फेडायला पुन्हा फडात."

आम्ही विचारले, "कागद आहेत का?"

"कागद? ते त्यांच्यापाशीच राहिले."

खाडा म्हणजे काय ते बीडबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. काम एक दिवस बुडाले की तो खाडा. खाड्याचे पैसे अंगावर चढतात. त्यामुळे ताप असो, पोट दुखो, बाई फडात उभी राहते. कोपीपाशी न्हाणीघर नाही, संडास नाही. पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला आणि वाळवायला आडोसा नाही. अशाने आजार होतो. आजार झाला की खाडा. या चक्रातून सुटायला पुष्कळ जणींनी पिशवीच काढून टाकली. काहींना डॉक्टरांनी घाबरवले. काहींना पाळीच नको झाली होती.

अक्काने मग जो प्रश्न केला, त्यासाठी हा धडा लिहिला आहे. ती म्हणाली, "आमच्या एवढ्या बायांचं असं झालं, हे वर कुनी इचारलं का न्हाई?"

विचारले. तेच आता वाचू.

एप्रिल २०१९ मध्ये बीडच्या या बायांविषयी वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. राष्ट्रीय महिला आयोगाने महाराष्ट्राच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली. त्यानंतर जून २०१९ मध्ये मुंबईला विधानमंडळाचे पावसाळी अधिवेशन भरले. विधान परिषदेत श्रीमती नीलम गोऱ्हे यांनी हा विषय काढला. त्या वेळी आरोग्यमंत्री होते श्री. एकनाथ शिंदे. दोघे एकाच पक्षाचे, शिवसेनेचे. म्हणजे मंत्र्याला प्रश्न फक्त विरोधकच विचारतात असे नाही, हेही लक्षात घ्या. प्रश्न विचारणे हे भांडण नव्हे, सभासदाचे ते कामच आहे.

मंत्र्यांनी उठून उत्तर दिले. बीड जिल्ह्यात २०१६-१७ पासून २०१८-१९ पर्यंत, तीन वर्षांत, ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. चौकशीसाठी आरोग्य खात्याच्या प्रधान सचिवांच्या हाताखाली समिती नेमू, ती दोन महिन्यांत अहवाल देईल, असेही त्यांनी सांगितले.

चार हजार सहाशे पाच. वर्गात आम्ही हा आकडा फळ्यावर लिहिला आणि भागाकार केला. तीन वर्षांचे दिवस १,०९५. भागाकार चारापेक्षा थोडा जास्त आला. म्हणजे रविवार नाही, दिवाळी नाही, रोज चार बाया. फळ्याकडे पाहून एक म्हातारी म्हणाली, "आन् मी कुठं हाय ह्यात? माझी तर लई आधी काढली."

म्हातारीचे बरोबर होते. ती त्यात नव्हती. तिचे ऑपरेशन २०१६ च्या आधीचे. ज्या बाईने सोलापुरात किंवा नगरला जाऊन ऑपरेशन केले, तीही त्यात नाही, कारण हा आकडा बीडच्या रुग्णालयांचा आहे. आणि या ४,६०५ जणी सगळ्या ऊस तोडणाऱ्याच होत्या असेही समजू नका. उत्तर खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण उत्तर हे दोरीसारखे असते. जेवढी लांब सोडाल तेवढेच पाणी वर येते. कोणती वर्षे? कोणते दवाखाने? कोणत्या बाया? हे तीन शब्द धरून कोणतेही सरकारी उत्तर वाचावे.

पुढे श्रीमती गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीने काम केले. तिने ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. या वेळी रुग्णालयांची वही मोजली नव्हती, बाया मोजल्या होत्या. आमची म्हातारी अशा मोजणीत येते. शंभरातल्या जवळजवळ सतरा जणी झाल्या. देशभरच्या सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन येते. दोन्ही पाहण्या एकाच मापाच्या नाहीत, तरी तीन आणि सतरा यांतले अंतर मापाने भरून निघणारे नाही.

पहिला आकडा चार हजारांचा आणि दुसरा तेरा हजारांचा, म्हणून मंत्री खोटे बोलले असे चावडीवर कोणी सांगू लागला तर त्याला आता तुम्ही उत्तर देऊ शकाल. दोन निराळ्या गोष्टी मोजल्या होत्या.

आणखी एक गोष्ट झाली. त्याच साली बीड जिल्ह्यात नियम झाला की खाजगी डॉक्टरला पिशवी काढायची असेल तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी लागेल. शल्यचिकित्सक म्हणजे जिल्हा रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. अशी कहाणी फक्त बीडची नव्हती. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. केंद्र सरकारने २०२२ साली पिशवीच्या ऑपरेशनांबद्दल सूचना काढल्या होत्या. त्या सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा हुकूम न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी दिला.

आता थोडे शरीराविषयी. हे वगळून चालणार नाही, कारण भीती अज्ञानावर जगते.

पांढरे जाते म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. थोडे पांढरे जाणे हे पुष्कळदा नेहमीचेच असते. वास येत असेल, खाज सुटत असेल, पोट दुखत असेल तर बहुधा जंतूंचा त्रास असतो आणि तो गोळ्या-औषधांनी बरा होतो. कधी नवराबायको दोघांनीही औषध घ्यावे लागते. पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्यालाही आधी औषधे असतात. पिशवी काढावीच लागते असे आजार आहेत: कॅन्सर, मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारे रक्त. अशा वेळी ऑपरेशनाला घाबरू नये. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही चिन्हे मात्र लपवू नका, लगेच दाखवा. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी थोड्या वेळात होते, तिला चिरफाड लागत नाही.

पिशवीच्या दोन्ही अंगांना बीजकोश असतात. त्यांतून निघणारा रस बाईची हाडे मजबूत ठेवतो. काही ठिकाणी पिशवीबरोबर तेही काढून टाकतात. तरण्या बाईचे ते काढले तर अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. बीजकोश ठेवले तरी काही जणींना हे त्रास वेळेआधी सुरू होतात. "पोरं झाली, आता पिशवीचा उपयोग काय?" असे जो विचारतो त्याला हे सांगायचे. आणि एका डॉक्टरने काढा म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे. बैल घेताना आपण चार जणांना दाखवतो.

दुसरा डॉक्टर कुठे शोधायचा? सरकारी दवाखान्यात. इथे आमच्या वर्गात गलका झाला. "तिथं बाईडॉक्टर असती तर खाजगीत कशाला गेलो असतो?" हेही खरेच. म्हणून सरकारी दवाखाना कोणाचा आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, ते नीट समजून घ्या.

सर्वांत खाली उपकेंद्र. तिथे नर्सबाई असतात. पाच हजार वस्तीमागे एक, डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक, असा हिशेब आहे. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, तीस हजारांमागे एक. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे असतात आणि त्यांचे मोठे साहेब म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. प्राथमिक केंद्रातले डॉक्टर सगळे आजार पाहतात. फक्त बायकांच्या आजारांचे डॉक्टर, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, तिथे मिळतील अशी आशा धरू नका. ते असायला हवेत ग्रामीण रुग्णालयात, तीस खाटांच्या. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय. हे सिव्हिल सर्जनकडे. या सगळ्या ठिकाणी, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि औषध यांना पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा.

अंबाजोगाईचे मोठे रुग्णालय निराळे. ते स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे. तिथे डॉक्टर शिकतात, म्हणून ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे. तिथला प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारला तर "हा विषय माझ्या खात्याचा नाही" असे उत्तर येऊ शकते. तसेच दिल्लीचे. इस्पितळे चालवणे राज्याचे काम आहे. बीडच्या खासदाराने लोकसभेत विचारले तर केंद्राचे मंत्री बहुधा आरंभीच सांगतात की आरोग्य हा राज्याचा विषय आहे. म्हणून दवाखान्याचा प्रश्न मुख्यतः मुंबईत विचारायचा, आणि डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असते तेव्हा नागपुरात.

विधानमंडळाची सभागृहे दोन. विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. बीड जिल्ह्यातून विधानसभेवर सहा जण जातात: गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी. तुमचे मत ज्या मतदारसंघात आहे तिथला आमदार तुमचा. तुम्ही त्याला मत दिले की नाही, हे तो विचारू शकत नाही.

आमदार प्रश्न लिहून आधी पाठवतो. तो आरोग्य खात्याकडे जातो. खाते जिल्ह्याला विचारते, जिल्हा तालुक्याला विचारतो. मंत्री मुंबईत जे वाचतात त्यातली पुष्कळशी माहिती आपल्याच तालुक्यातल्या कारकुनाने भरलेली असते. मग सभागृहात प्रश्नोत्तराचा तास असतो. ज्या प्रश्नावर तारा, म्हणजे चांदणीची खूण असते, तो तारांकित. त्याचे उत्तर मंत्री तोंडी देतात आणि त्यावर सभासद उपप्रश्न विचारतात. खूण नसलेला प्रश्न अतारांकित, त्याचे उत्तर लेखी मिळते. फार निकडीचे असेल तर लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी "करू" असे वचन दिले तर त्याची नोंद होते. ते पाळले की नाही हे पाहायला आमदारांची आश्वासन समिती असते.

या प्रश्नांची एक ठराविक भाषा आहे. गमतीची आहे, पण शिकण्यासारखी. प्रश्न असा असतो: "अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? असल्यास, काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" विलंब म्हणजे उशीर. उत्तरेही ठराविक. "होय." "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." अंशतः म्हणजे थोडेसे. आणि सर्वांत पक्के उत्तर: "प्रश्न उद्भवत नाही." उद्भवत नाही म्हणजे उठतच नाही. पहिल्यालाच "खरे नाही" म्हटले की खालचे सगळे प्रश्न उठत नाहीत!

म्हणून पहिले कलम कच्चे असू नये. "आमच्या दवाखान्यात डॉक्टर कधीच नसतो" असे लिहिले तर "हे खरे नाही" एवढे उत्तर पुरते, कारण एखाद्या दिवशी डॉक्टर असतोच. त्याऐवजी जागेचे नाव, मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती आणि केव्हापासून, असे विचारले तर उत्तरात आकडा द्यावा लागतो. मंजूर म्हणजे सरकारने कबूल केलेले. रिक्त म्हणजे रिकामे.

हाच प्रश्न माहिती अधिकाराच्या कायद्याने तुम्ही स्वतःही विचारू शकता. हा कायदा २००५ सालचा. साध्या कागदावर अर्ज करायचा, दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर फी माफ. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती माहिती हातात घेऊन आमदाराकडे गेले तर प्रश्न बळकट होतो.

एवढे झाल्यावर आम्ही वर्गाला म्हटले, चला, आपणच एक प्रश्न लिहू. तास-दीड तास लागला. 'स्त्रीरोगतज्ज्ञ' या शब्दाने सगळ्यांना घाम फोडला. आम्हालाही तो फळ्यावर दोनदा पुसावा लागला. शेवटी असे उतरले:

"(१) ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद मंजूर आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, ते भरलेले आहे काय? (३) नसल्यास, ते केव्हापासून रिक्त आहे व विलंबाची कारणे काय आहेत? (४) ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणी गावातून निघण्याआधी व परत आल्यावर करण्यात येते काय? (५) पिशवीचे ऑपरेशन झालेल्या बाईला तिचे सर्व कागद देण्यात येतात काय?"

पाचवे कलम त्या अक्काने घालायला लावले. कोणी म्हणाले, कागद मिळून आता काय उपयोग? ती म्हणाली, "माझं काय काढलं, सगळं काढलं का थोडं ठिवलं, हे मला ठाव न्हाई. हाडं दुखत्यात. डाक्तर इचारतो, बीजकोश हाईत का? मी काय सांगू?"

पद मंजूर आहे की नाही, हेच आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते. दवाखान्याच्या भिंतीवर पदांची पाटी असते, असे आम्ही सांगितले. बाजाराच्या दिवशी अक्का आणि दुसरी एक बाई तिथे गेल्या. शिपायाने विचारले, काय पाहिजे? अक्का म्हणाली, "काही नको, वाचतीया." पाटीवर पदाचे नाव होते. त्यापुढच्या रकान्यात एक शब्द होता, तो तिने वहीत उतरवून आणला. 'क्त' हे जोडाक्षर उलटे पडले होते, पण शब्द आम्हाला कळला. रिक्त.

केव्हापासून, हे पाटीवर लिहिलेले नव्हते. म्हणून तिसरे कलम तसेच ठेवले आणि कागदाच्या खाली सह्यांसाठी जागा सोडली.